ट्रॉली उलाळ का होते? वाचकांचे प्रश्न

या वेळी बहुतेक पत्रं ट्रॉलीचीच आली. कापूस घरात यायला लागला आहे आणि केळीची कापणी काय, बाराही महिने चालू असते. पत्रं वेगवेगळ्या तालुक्यांतली असली तरी दुखणं बरंचसं एकच दिसतं. बैलगाडी हाकलेल्या माणसाला ते दोन शब्दांत कळेल. मागं जास्त भरलं की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं आणि सापत्या बैलांच्या गळ्याशी आवळतात. पुढं जास्त भरलं की सगळं ओझं मानेवर येतं. ट्रॅक्टरला मान नाही म्हणून तो ओरडत नाही, एवढाच फरक. ट्रॉलीत किती टन भरलं हे सगळे विचारतात, पण कुठे भरलं हे फारसं कोणी विचारत नाही. खालच्या उत्तरांमधले आकडे ढोबळ आहेत. आपल्या ट्रॅक्टरची मापं घालून ते पुन्हा काढावेत.

प्रश्न (रावेर तालुका, केळी उत्पादक): माझा ४५ एचपीचा ट्रॅक्टर आहे, मागे दोन चाकी ट्रॉली. शेत नाल्यापलीकडे आहे. केळी भरून पात्रातून वर चढताना पुढची चाकं उचलल्यासारखी होतात, स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर वळत नाही. ड्रायव्हर म्हणतो, "पुढलं हलकं व्हई गयं." ट्रॉलीची दांडी पुढे झुकलेली दिसायची म्हणून मागच्या महिन्यात हुकाची पिन वरच्या छिद्रात घेतली. मागच्या टायरांत पाणीही भरलं. उपयोग झाला नाही.

उत्तर: भाऊ, पिन वर घेतली तिथेच दुखणं वाढलं. हिशोब मांडून दाखवतो.

समजा ट्रॅक्टर २,००० किलोचा आहे. त्यातले ७५० किलो पुढच्या चाकांवर, बाकीचे मागे. दोन आसांमधलं अंतर २ मीटर, आणि हुकाची पिन मागच्या आसापासून ६० सेंमी मागे. भरलेली ट्रॉली ६ टनांची, तिच्यातले ६०० किलो दांडीवर येतात. चढ १०० मीटरला ८ मीटर आणि खाली भुसभुशीत वाळू.

पुढच्या चाकांवरचं वजन तीन वाटांनी कमी होतं. पहिली वाट दांडीच्या ओझ्याची. ते ६०० किलो आसाच्या मागे ६० सेंमीवर बसतात, म्हणून पुढचं टोक ६०० × ०.६ ÷ २ = १८० किलोने उचलतात. दुसरी वाट ओढीची. ६ टन ८ टक्के चढावर ओढायला ४८० किलोचा जोर लागतो, वाळूच्या रेट्यासाठी आणखी ६०० धरा, म्हणजे १,०८० किलो. ही ओढ जमिनीपासून जितकी उंच, तितकी ती ट्रॅक्टरला मागे कलंडवते. पिन ४५ सेंमीवर असेल तर १,०८० × ०.४५ ÷ २ = २४३ किलो. पिन ७५ सेंमीवर नेली की तीच ओढ ४०५ किलो उचलते. तिसरी वाट चढाची. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन मागे सरकतं, ते साधारण ६५ किलो.

आता बेरीज बघा. खालच्या छिद्रात पुढे २६० किलोच्या आसपास उरतात. वरच्या छिद्रात उरतात जेमतेम १००. वळण नीट घ्यायचं तर ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान २० टक्के, म्हणजे तुमच्याकडे ४०० किलो, पुढच्या चाकांवर असायला हवेत. म्हणजे पिन खाली होती तेव्हाही भागत नव्हतं. आता तर क्लच झटक्यात सोडला की नाक वर जाईल.

उपाय क्रमाने करा. पिन आजच खालच्या छिद्रात घ्या. मागच्या आसाच्या मध्यापेक्षा वर, लिफ्टच्या दांड्यांना किंवा टॉप लिंकच्या (लिफ्टच्या वरच्या मधल्या दांडीच्या) जागी ट्रॉली कधीच अडकवू नये. ओढ आसाच्या वर गेली की ट्रॅक्टर पाठीवर उलटायला एक-दीड सेकंद पुरतो, तेवढ्यात क्लचवर पाय जात नाही. दांडी झुकते तर तिच्या डोळ्याची, म्हणजे पिन जाते त्या कड्याची, जागा वेल्डरकडून बदलून घ्या, हुकाला हात लावू नका.

मग पुढच्या बंपरला कंपनीची वजनं लावा. प्रत्येकी २५ किलोची चार घेतली आणि ती पुढच्या आसाच्या ६० सेंमी पुढे बसली, तर तरफेमुळे पुढच्या चाकांवर १०० नाही, १३० किलो वाढतात. २६० आणि १३० म्हणजे ३९०, जवळजवळ जमलं. राहिलेली कसर चार-पाचशे किलो केळी कमी भरून काढा. बंपरवर माणूस बसवायची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. चढावर झटका बसला तर तो थेट पुढच्या चाकाखाली जातो, म्हणून ती बंदच करा.

टायरमधलं पाणी वाईट नाही. वॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून त्याच्या पातळीपर्यंत भरलं की टायर पाऊण भरतो आणि मागची पकड वाढते. पण ते वजन मागच्या आसावरच बसतं, पुढे त्याचा एक किलोही पोहोचत नाही. उलट पकड वाढल्यामुळे चाक घसरण्याऐवजी नाक उचललं जाण्याची शक्यता वाढते.

खरं वजन बघायचं तर जवळच्या जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या काट्यावर जा. आधी एकटा ट्रॅक्टर पूर्ण तोला, मग फक्त त्याची पुढची चाकं काट्यावर ठेवून तोला. नंतर भरलेली ट्रॉली जोडा आणि ट्रॅक्टरची चारही चाकं काट्यावर, ट्रॉलीची बाहेर, असं तोला. या वजनातून एकट्या ट्रॅक्टरचं वजन वजा केलं की दांडीवरचं ओझं कळतं. शेवटी ट्रॉली जोडलेलीच ठेवून फक्त पुढची चाकं तोला. काट्याच्या आजूबाजूची जमीन समतल हवी, नाहीतर आकडा फसवतो. चार वजनांचे चार पैसे जातील, पण ही माहिती ट्रॅक्टर विकेपर्यंत पुरते.

प्रश्न (चोपडा तालुका): ६ मीटर लांबीचे पीव्हीसी पाईप दोन चाकी ट्रॉलीत आणले. पाईप ५०० किलोच्या आसपास होते, म्हणजे ओझं काहीच नाही. तरी २५ च्या पुढे वेग गेला की ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवी हलायची. तीच ट्रॉली ३ टन खत भरून सरळ चालते. असं का?

उत्तर: कारण ३ टन खत आसाच्या आसपास बसतं आणि पाईप बसले मागे. तुमची ट्रॉली १० फुटी, म्हणजे साधारण ३ मीटर. आस पुढच्या फळक्यापासून १.८ मीटरवर आणि पिनेपासून ३.६ मीटरवर धरू. पाईप पुढच्या फळक्याला टेकवून ठेवले तर ६ मीटर पाईपांचा मध्य ३ मीटरवर येतो, म्हणजे नेमका मागच्या फळक्यावर, आसाच्या १.२ मीटर मागे. ५०० × १.२ ÷ ३.६ = १६७ किलोने दांडी वर उचलली जाते. रिकाम्या ट्रॉलीचं दांडीवर येणारं वजन ६०-७० किलो असतं. म्हणजे १०० किलोने ट्रॉली उलाळ.

दांडी वरच्या दिशेने ओढत असली की ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड कमी होते आणि ट्रॉलीला सरळ ठेवणारं काही उरत नाही. रस्त्यावरच्या खड्ड्याने एक हेलकावा दिला की पुढचा त्याहून मोठा येतो. ठरावीक वेगाखाली हे हेलकावे आपोआप मरतात, त्याच्या वर गेलं की वाढत जातात. तुमचा तो वेग २५ निघाला. वजन मागे गेलं की तो आणखी खाली येतो.

पाईप पुढच्या फळक्यावरून ६० सेंमी पुढे काढा. फळक्यावर लाकडी ओंडका आडवा बांधून त्यावर टेकवा. त्याहून पुढे नेऊ नका, वळताना ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला घासतील. निघण्याआधी मोकळ्या जागेत दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. एवढ्याने दांडीचं ओझं शून्याच्या जवळ येतं, पण शून्य पुरेसं नाही. पुढच्या फळक्याला लागून खताच्या ६ गोण्या, ५० किलोच्या, ठेवल्या की ३०० × १.५ ÷ ३.६ = १२५ किलो दांडीवर वाढतात. एवढं झालं की ट्रॉली सरळ चालेल. पाईप दोन जागी आवळा, पुढे आणि मागे. मागे जवळजवळ अडीच मीटर पाईप बाहेर राहतातच, त्यांना दिवसा लाल कापड आणि रात्री लाल दिवा लावा. मागचा फळका आडवा पडला की ट्रॉलीचे दिवे त्याखाली झाकले जातात, हे बरेच जण विसरतात.

आणखी एक बारकावा. तोल साधायला एकदम पुढच्या आणि एकदम मागच्या टोकाला जड वस्तू ठेवल्या तर काट्यावर दांडीचं ओझं बरोबर दिसेल, पण ट्रॉली हेलकावेच खाईल. दोन्ही टोकांना वजन असलेली काठी हातात फिरवून बघा, एकदा फिरली की थांबवणं जड जातं. म्हणून जड माल शक्यतो आसावर ठेवा आणि हलका माल टोकांना.

हेलकावे सुरूच झाले तर? ब्रेकवर जोरात पाय देऊ नका, वेग वाढवून सरळ करायचाही प्रयत्न करू नका. स्टिअरिंग सरळ घट्ट धरून थ्रॉटल हळूहळू कमी करा. ट्रॉलीच्या तालावर स्टिअरिंग फिरवायला गेलात तर आपणच हेलकावा वाढवतो.

प्रश्न (धुळे तालुका): चार चाकी ट्रॉलीत मका भरून लळिंगच्या उताराने धुळ्याकडे येताना ट्रॉली अंगावर येते. ब्रेक नवे आहेत, तरी ट्रॅक्टर थांबता थांबत नाही. काही जण म्हणतात गिअर काढून टाका, डिझेल वाचतं.

उत्तर: डिझेलचं शेवटी बघू, आधी ब्रेकचं. आपल्या नेहमीच्या टू-व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. चार चाकी ट्रॉलीचं वजन तिच्या स्वतःच्या चारही चाकांवर बसतं, दांडीवर जवळपास काही येत नाही. म्हणजे थांबवायचे १० टन (ट्रॅक्टर २, ट्रॉली ८), आणि थांबवणाऱ्या दोन चाकांवर वजन सव्वा टनसुद्धा नाही. कोरड्या डांबरावर ती चाकं फार तर ७५० किलोचा ब्रेक देतील. त्यापुढे लायनिंग नवं असो की जुनं, चाक घासतच जाणार.

उतार १०० मीटरला ६ मीटर धरा. १० टनांना तो ६०० किलोने पुढे खेचतो. चाकांचा रेटा २०० किलो वजा करा, राहिले ४००. ७५० मधून हे ४०० वजा जाता खऱ्या अर्थाने थांबवायला उरले ३५०. या हिशोबाने ताशी २० वरून थांबायला सुमारे ४५ मीटर लागतात आणि ३० वरून १०० मीटर. सपाटीवर हेच आकडे १७ आणि ३७ च्या आसपास येतात. ब्रेकवर पाय पोहोचेपर्यंत गेलेलं अंतर यात धरलेलं नाही. रस्ता ओला असेल, किंवा मक्याचे दाणे सांडलेले असतील, तर हा हिशोब फाडून टाका.

म्हणून उताराआधीच, वरच्या सपाटीवर, असा गिअर टाका ज्यात तुम्ही तोच चढ भरल्या ट्रॉलीने चढला असता. खाली उतरेपर्यंत तो बदलायचा नाही आणि क्लच दाबायचा नाही. क्लच दाबला की इंजिनाची अडवणूक गेली आणि सगळा भार त्या दोन चाकांवर आला. गिअर काढून उतरणं याहून वाईट. वेग एकदा वाढला की चालत्या ट्रॅक्टरमध्ये खालचा गिअर पुन्हा पडत नाही. आणि वाचलेलं डिझेल? गिअरमध्ये उतरताना इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं, गव्हर्नर (इंजिनाचं डिझेल कमी-जास्त करणारा भाग) डिझेल जवळजवळ बंदच करतो. वाचत काहीच नाही.

ब्रेकचे दोन्ही पायडल जोडणारी पट्टी रस्त्यावर येताना लावली का, हे रोज बघा. शेतात वळायला ती काढलेली असते आणि तशीच राहते. उतारावर एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर तिरका होतो, आणि तिरक्या ट्रॅक्टरला मागून ८ टनांचा धक्का बसला की तो रस्त्यावर आडवा पडतो. मागची चाकं घासायला लागली आणि ट्रॅक्टर तिरका होतोय असं वाटलं, तर क्षणभर ब्रेक सोडा, चाकं फिरू द्या, सरळ करा, मग पुन्हा हलके दाबा. मनाविरुद्ध आहे, पण न फिरणाऱ्या चाकाला दिशा नसते.

खरा उपाय म्हणजे ट्रॉलीला ब्रेक. ट्रॉली पुढे ढकलायला लागली की दांडीतली सळई आत सरकून ट्रॉलीचे ब्रेक लावते, अशी सोय करून मिळते. ट्रॅक्टरच्या ब्रेकला जोडलेले हायड्रोलिक किंवा हवेचे ब्रेक त्याहून चांगले. खर्च आहे, पण नेहमी उताराने ये-जा असेल तर आमच्या मते नव्या टायरांच्या आधी हा खर्च करावा.

प्रश्न (अमळनेर तालुका): कापूस हलका असतो. मग कापसाचीच ट्रॉली बांधावरून उतरताना का उलटते?

उत्तर: हलका असतो म्हणूनच उंच भरला जातो. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून १ मीटर, कापूस ३.४ मीटरपर्यंत, म्हणजे कापसाचा मध्य २.२ मीटरवर. २५ क्विंटल कापूस आणि १२ क्विंटलची ट्रॉली मिळून एकूण मध्य १.७५ मीटरवर येतो. दोन चाकांमधल्या अंतराचं अर्ध ७५ सेंमी धरलं तर कागदावर २३ अंशांच्या उतारावर ती उलटेल. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यातच उलटते. खालच्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे आणि टायर दबतात, कापूस त्याच बाजूला सरकतो, आणि चार चाकी ट्रॉली वळत असेल तर पुढची चाकं आडवी झाल्यामुळे आधार आणखी अरुंद होतो. १० मीटर त्रिज्येच्या वळणावर हिशोबाने ताशी २३ पर्यंत चालावं, आम्ही १५ च्या आत राहायला सांगू. फळक्यांच्या वर फार तर एक मीटर भरा, जाळी टाकून दोर आडवे आणि तिरके आवळा. बांध तिरका उतरू नका, चाकोरी सरळ धरा, आणि खालच्या बाजूच्या चाकासमोर खड्डा नाही ना ते उतरून बघा.

प्रश्न (पारोळा तालुका): ५,००० लिटरचा पाण्याचा टँकर अर्धा भरून नेला तर ट्रॅक्टरला सोपं जातं का?

उत्तर: ओढायला सोपं, सांभाळायला अवघड. अर्ध्या टँकरमधलं पाणी चढावर मागे जातं आणि दांडी हलकी होते. ब्रेक मारला की पुढे आदळतं, वळणावर बाहेरच्या बाजूला चढतं. भरलेल्या टँकरमध्ये पाण्याला हलायला जागाच नसते. आत भोकं असलेले आडवे पत्रे बसवलेले असतील तर हा धक्का बराच कमी होतो, टँकर घेताना झाकण उघडून ते बघा. पत्रे नसतील तर पूर्ण भरा किंवा पूर्ण रिकामा न्या. भरलेलं पाणीच ५ टन आहे, हे मात्र विसरू नका.

प्रश्न (नंदुरबार, मंडप व्यावसायिक): पिकअपच्या मागे छोट्या ट्रेलरवर जनरेटर नेतो. ट्रेलरसकट ७०० किलो. व्हिडिओत परदेशी गाड्यांना हुकाजवळ दोन स्प्रिंगच्या दांड्या लावलेल्या पाहिल्या. त्या लावल्या तर ट्रेलर हलायचा थांबेल का?

उत्तर: त्या दांड्यांचं काम वेगळं आहे. जड ट्रेलरमुळे गाडीची मागची बाजू बसते आणि पुढची हलकी होते. स्प्रिंगच्या ताणाने त्यातलं काही वजन परत पुढच्या चाकांवर आणि काही ट्रेलरच्या चाकांवर जातं. चुकीचं ठेवलेलं वजन त्या सरळ करत नाहीत. तुमच्या ७०० किलोंना त्यांची गरज नाही.

आधी हुकावरचं वजन मोजा. घरातला माणसाचं वजन करायचा काटा पुरतो. समतल जागी ट्रेलर सोडवा, चाकांना पुढून-मागून दगड लावा, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून दांडीचं टोक जोडल्यावर जेवढ्या उंचीवर असतं तेवढ्याच उंचीवर टेकवा. आकडा ७० किलोच्या आसपास, म्हणजे एकूण वजनाच्या १० टक्के यायला हवा. ३५ च्या खाली असेल तर जनरेटर पुढे सरकवा. जनरेटर जड आणि आखूड असल्यामुळे १० सेंमीनेसुद्धा फरक पडतो. ५०० किलोचा जनरेटर आणि पिन ते आस २ मीटर असेल तर १० सेंमीला २५ किलो. डिझेलची टाकी मागच्या बाजूला असेल तर ती भरून मोजा. वरची मर्यादा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, ती ओलांडू नये. पिकअपच्या हौद्यात मागच्या टोकाला लोखंडी पाईप भरले असतील तर तेही वजन मागच्या आसावर येतं, ते धरूनच हिशोब करा.

प्रश्न (चोपडा तालुका, दुसरे वाचक): ट्रॉली मागे बसते म्हणून पाट्यांत एक जादा पाटा टाकला तर तोल सुधारेल?

उत्तर: नाही. ट्रॉली कमी बसेल, वजन जिथे आहे तिथेच राहील. एकाच बाजूला टाकलात तर नवं दुखणं सुरू होईल.

प्रश्न (यावल तालुका): हुकाची पिन किती झिजली की बदलावी?

उत्तर: पिन काढून तिच्या न झिजलेल्या टोकाचा आणि मधल्या झिजलेल्या भागाचा व्यास कॅलिपरने मोजा. ३० मिमीची पिन २७ वर आली म्हणजे दहावा हिस्सा गेला असं वाटतं, पण ताकद क्षेत्रफळावर असते आणि ते १९ टक्क्यांनी घटलेलं असतं. आम्ही एवढ्यावर बदलायला सांगू. पिन बदलताना दांडीचा डोळाही बघा. तो लांबट झाला असेल तर नवी पिनसुद्धा प्रत्येक ब्रेकला आपटत राहील आणि तोच खेळ हेलकाव्यांना सुरुवात करून देतो. पिनेच्या जागी सळई किंवा बोल्ट वापरू नका. खालची क्लिप हरवली म्हणून तार गुंडाळू नका. आणि दांडीपासून ट्रॅक्टरला एक साखळी बांधा. पिन सुटलीच तर दांडी जमिनीत रुतणार नाही इतकी आखूड, वळताना ताणली जाणार नाही इतकी लांब.